सर्व्हेच्या कॅम्पाला आलेली अम्मी

अम्मी, चामोर्शीकडच्या त्या कॅम्पाबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे. अब्बांशी बोलून पाहिलं. ते आता दुकानात नुसते बसायला जातात, गाद्या-रजयांचं काम भाऊच बघतो. जुनं काही विचारलं की ते खुशीत सांगतात, पण कॅम्पाचं विचारलं की म्हणतात, "वो तब मायके गई थी." तुझे आईवडील तेव्हा हयात नव्हते, चामोर्शीकडच्या गावातलं तुझं माहेरचं घर विकलेलं होतं, मामू सिरोंचाकडे निघून गेला होता. तरी तू मायक्याला गेलीस असंच त्यांनी मोहल्ल्यात सांगितलं, आणि इतकी वर्षं सांगून सांगून आता त्यांना स्वतःलाही ते खरं वाटतं. भाऊ तेव्हा लहान होता, त्यामुळे तू त्या दिवसांत कुठं होतीस हे नीट माहीत असलेली घरात मी एकटी उरले आहे. म्हणून लिहिते.

मी सर्व्हेचं शिकायला गेले ते तुझ्या डब्यांमुळे. खाणीत काम करणाऱ्या एकट्या माणसांना तू डबे द्यायचीस, त्यांतले एक खाणीचे सर्व्हेअर होते. सुटीच्या दिवशी डबा न्यायला ते स्वतः यायचे. मी स्वयंपाकघराच्या दारात बसून बारावीचं गणित करत असे, ते बघून एकदा म्हणाले, पोरीला हिसाब आवडतो तर आमच्या लाईनमध्ये घाला, विद्यापीठात भूमापन आणि जीआयएस मिळून नवी पदवी निघाली आहे, जमीन मोजायची आणि कॉम्प्युटरवर नकाशे करायचे. अब्बांना त्यातलं 'कॉम्प्युटर' तेवढं ऐकू आलं. पंख्याखाली बसून करायचं काम, मुलीच्या जातीला बरं, असं त्यांना वाटलं. तुला 'जमीन मोजायची' एवढंच ऐकू आलं असावं, कारण तू भाकर तव्यावर टाकता टाकता विचारलंस, "कोनाची?" सर्व्हेअर हसले. म्हणाले, "जो बोलावेल त्याची."

पहिलं वर्ष बरं गेलं. सकाळी बसनं विद्यापीठात, दुपारी परत. वर्गात आम्ही दोघीच मुली, मी आणि कोरपन्याची एक, तिचे वडील सिमेंट कारखान्यात कामाला होते. आधी साखळी आणि होकायंत्र, मग उंची मोजायची लेव्हल, मग कोन आणि अंतर मोजणारं टोटल स्टेशन, आणि त्याच्या जोडीला उपग्रहाची चित्रं वाचायला शिकायचं. मोजलेल्या प्रत्येक गोष्टीत चूक असतेच, ती किती आहे हे आपल्याला सांगता आलं पाहिजे, असं सर पहिल्याच तासाला म्हणाले होते. मी घरी येऊन मोठ्या तोऱ्यात ते वाक्य ऐकवलं तर तू म्हणालीस, "मंग फी कायची घेते?" एकदा मी चंद्रपूरचं उपग्रहावरून घेतलेलं चित्र छापून आणलं. परकोट दिसत होता, बाहेरून इरई नदी, वीज केंद्राची राखेची तळी. अब्बांनी बराच वेळ घालवून दुकानाचं छप्पर शोधलं आणि ते तेच असल्याची खात्री माझ्याकडून तीनदा करून घेतली. तुझं बोट मात्र फिरत फिरत कागदाच्या कडेला गेलं. तू विचारलंस, "याच्या पुढचं कुठी आहे? चामोर्शीकडचं?" मी म्हटलं, तो दुसरा कागद असतो. तो मी कधी आणला की नाही, आता आठवत नाही.

दुसऱ्या वर्षी, उन्हं तापायला लागली तेव्हा, सर्व्हे कॅम्पाची नोटीस लागली. चामोर्शी तालुक्यातल्या एका गावात आश्रमशाळेची जुनी इमारत रिकामी होती, तिथं दहा दिवस राहून तलाव, शेतं, रस्ता सगळं मोजायचं. कॅम्प केला नाही तर ते वर्ष पुन्हा करायचं. अब्बा जेवत होते. मी सांगितलं तेव्हा त्यांनी घास खाली ठेवला. "दस दिन? लडकों के साथ? जंगल में?" आणि मग नेहमीच्याच आवाजात, "पढाई बंद करो." ते ओरडले असते तर मला भांडता आलं असतं. त्यांनी तोवर मला कशालाच नाही म्हटलेलं नव्हतं, आणि त्या दिवशी ते मला घाबरलेले दिसले. मी तुझ्यामागे येऊन रडत बसले. तू डब्यांची झाकणं लावत होतीस. म्हणालीस, "रडून राह्यली काऊन? पोळ्या लाट. मले बाहेर जायचं आहे."

तू विद्यापीठात आलीस तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर स्वच्छ आहे. बुरखा, हातात डब्याची रिकामी पिशवी, आणि विभागाच्या दारात तुझ्या चपला तू काढून ठेवल्यास, जशा कोणाच्या घरी काढतात. सरांना वाटलं, तू सूट मागायला आली आहेस. ते आधीच सांगायला लागले की नियम त्यांच्या हातात नाही. तू त्यांचं सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "साहेब, तिथी जेवन कोन करते?"

"गावातलंच कोणीतरी बघतो आम्ही. अजून ठरलं नाही."

"मंग ठरलं. मी येते."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. "बाई, चाळीस जणांचा स्वयंपाक असतो. दोन वेळचा."

"मी रोज डब्बेच करते, साहेब. पोट्ट्यायले किती लागते ते मले मालूम आहे. फक्त लाकडं वाळली पाह्यजेत, तेवढं पाहा."

घरी तू अब्बांना विचारलं नाहीस, सांगितलंस. "मैं भी जा रही. अब बोलो." अब्बा पाण्याचा गिलास खाली ठेवून एकेक विचारायला लागले. डब्यांचं काय, तर त्यांची बहीण, आमची फुफी, बघेल. त्यांच्या जेवणाचं काय, तर तेही फुफी. शेवटी ते म्हणाले, "लोग पूछेंगे तो?" तू म्हणालीस, "बोल देना मायके गई." ते वाक्य तूच त्यांना दिलंस, अम्मी. त्यांचा दोष नाही.

बसमध्ये खिडकीशी तू बसलीस. मूल गावाच्या पुढं जंगल लागलं तसा तू बुरख्याचा पडदा वर टाकलास आणि मला हळू आवाजात बजावलंस, "तिथी मले अम्मी नको म्हनू. बाई म्हन, समदे म्हनतीन तसं. नाईतर पोट्टे तुले स्वयंपाकीनबाईची पोरगी म्हनतीन." मला ते पटलं नव्हतं, पण बरंही वाटलं होतं. मी मान हलवली. पहिल्या संध्याकाळी मी तुला "बाई, थोडं वरण वाढा" म्हणाले आणि तू अगदी परक्यासारखी माझ्या ताटात पळी रिकामी केलीस. कोरपन्याच्या मुलीनं माझ्याकडे असं पाहिलं की मला भातातून मान वर करता येईना.

इमारतीच्या मागच्या पडवीत तुझी चूल होती, तीन दगडांची, आणि गावातून आणलेले दोन मोठे गंज, म्हणजे पातेली. तुझा बुरखा तू पहिल्याच दिवशी आतल्या खोलीतल्या खिळ्याला अडकवलास आणि ओढणी डोक्यावर घेऊन कामाला लागलीस. निघायच्या दिवसापर्यंत तो तिथंच होता. पहिल्या जेवणाला दोन मुलं बसली नाहीत. का, ते सगळ्यांना कळलं. सर काही बोलणार होते, तर तू म्हणालीस, "राहू द्या साहेब, भूक लागली की येतीन." एक जण तिसऱ्या दिवशी आला. दुसरा शेवटपर्यंत आला नाही, गावातल्या हॉटेलच्या भज्यांवर आणि बिस्किटांवर राहिला, पण संध्याकाळी तुझ्याजवळ बसून कांदे चिरून द्यायचा. तू त्याला कधी जेवायला बोलावलं नाहीस आणि कांदे चिरायला नकोही म्हटलं नाहीस. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणालीस, "त्याच्या घरचं त्याले मालूम. कांदे चांगले चिरते."

तू सरांना विचारलंस, किबला इथी कुठी येते, नमाज कोन्या बाजूनं पढाची? सरांनी मला पाठवलं, तुझा अभ्यास आहे, सांग. मी होकायंत्र लावलं, वहीत आकडेमोड केली आणि तुला पडवीच्या खांबाकडे बोट करून दाखवलं, पश्चिमेच्या थोडं उत्तरेला. तू चक्रावलीस. "म्हंजे मी इतकी वर्सं वाकडीच?" मी सांगायला लागले की पृथ्वी गोल असल्यामुळे सरळ रेषा अशी वळते. तू ऐकलंस, आणि मग जिथं सूर्य मावळत होता तिकडे तोंड करून जानमाज अंथरलीस. "इकडून चालते. त्याले समजते."

त्या दिवसांत तू वेगळी होतीस. घरी आपण आपलं हिंदी बोलायचो, आणि अब्बा नसले की तू माझ्याशी तुझ्या लहानपणीचं मराठी बोलायचीस, तेही हळू आवाजात. तिथं तू ते मोकळ्या आवाजात बोलत होतीस. तलावावर मासे धरणाऱ्या ढिवर बाया दुपारी पडवीत येऊन बसायच्या, त्यांतली एक तुझ्याच वयाची होती, तिच्याशी तुझी गट्टी जमली. तुमचं हसणं आम्हाला धानाच्या बांध्यांपर्यंत, पार शेतात, ऐकू यायचं. एकदा तू तिच्याबरोबर तलावाच्या पाळीवर गेलीस आणि ओढणीत झिंगे घेऊन आलीस, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात. तुझं गाव तिथून जवळच होतं. मी विचारलं, जाऊन येऊ या का? तू म्हणालीस, "काऊन? तिथी कोन आहे?" आणि वांगी चिरायला घेतलीस.

आता लेव्हलचं सांगते. आमच्या गटाला रस्त्यावरच्या पुलापासून तलावाच्या पाळीपर्यंत आणि परत पुलापर्यंत उंची मोजत आणायची होती. काम सोपं असतं. एकानं उंच पट्टी धरून उभं राहायचं, दुसऱ्यानं तिपाईवरच्या दुर्बिणीतून तिच्यावरचा आकडा वाचायचा, मग दुर्बीण पुढे न्यायची, पट्टीवाल्यानं त्याच जागी उभं राहायचं, पुन्हा आकडा, मग पट्टीवाल्यानं पुढे जायचं. असं करत जिथून निघालो तिथं परत आलो की उंची तीच यायला पाहिजे. आमची वीतभर वेगळी आली. चालतो तो फरक नखाएवढा. आमच्या गटातली तीन मुलं आणि आम्ही दोघी दिवसभराच्या कामानं थकून पडवीच्या पायरीवर बसलो होतो, आणि आमच्यातला उंच मुलगा म्हणाला, "जाऊ द्या ना, कुक करून टाकू. मधल्या चार आकड्यांत थोडं थोडं वाटून दिलं की झालं."

तू चुलीजवळून वळून म्हणालीस, "काय कुक करता बाप्पा? मी करून राह्यली ना."

सगळे एवढे हसले की सर बाहेर आले. नंतर मी भांडी घासायला आले तेव्हा मला विचारलंस. मी सांगितलं, आकडे खोटे भरले की त्याला आकडे कुक केले म्हणतात, म्हणजे शिजवले. इंग्रजीतला शब्द आहे, सगळीकडे म्हणतात. तू गंज घासायची थांबलीस. तू रागावलीस तर तुझा आवाज खाली जायचा, तसा तो गेला. "शिजवले काऊन म्हंता? शिजवनं काय खोटं काम आहे? मी आतालोक काय करून राह्यली मंग?" मी म्हटलं, अम्मी, नुसता शब्द आहे. "मी शिजवते तं लोकायच्या पोटात जाते. खोटं आहे तं खोटं म्हना. माह्या कामाचं नाव नका देऊ त्याले."

दुसऱ्या दिवशी मी गटात सांगितलं की मी आकडे भरणार नाही, पुन्हा मोजू. मुलांना तलावाचा नकाशा पुरा करायचा होता, तेही काम बाकीच होतं. उंच मुलगा म्हणाला, "तुला करायचं तर तू कर, आमचं काही म्हणणं नाही. पण संध्याकाळपर्यंत जुळलं नाही तर मी माझ्या पद्धतीनं जुळवतो." आम्ही दोघीच उरलो, आणि तीन माणसं तरी लागतात. मी दुर्बिणीवर, कोरपन्याची मुलगी लिहायला, पट्टी धरायला कोणी नाही. दुपारचं जेवण आटोपून तू हात पुसत आलीस आणि म्हणालीस, "काठीच धराची आहे ना? आन इकडं."

ती लेव्हल जुनी होती, तिच्यात सगळं उलटं दिसायचं. मला तू अजून तशीच दिसतेस. वर जमीन, खाली आभाळ, आणि मध्ये तू पट्टीला दोन्ही हातांनी धरून, ओढणी वाऱ्यानं वरच्या बाजूला लोंबकळत. आधी पट्टी हलत होती, मग तिरकी होत होती. मी हातानं खुणा करत होते, तू खुणेच्या उलट्या बाजूला झुकवत होतीस. तरी जमत गेलं. पाळीवर पोचलो, परत फिरलो, धानाच्या कापलेल्या बांध्यांमधून धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधांवरून, येत होतो. पुलाशी येऊन आकडेमोड केली तर फरक आदल्या दिवसाच्या दुप्पट. मी मागे वळून सगळ्या जागा नजरेनं पाहिल्या आणि माझ्या लक्षात आलं. मधल्या एका जागी मी दुर्बीण उचलून पुढे नेली तेवढ्यात तू तिथून सरकून मोहाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली होतीस.

मी तिथूनच ओरडले, "अम्मी, तू हललीस का तिथून?"

बाजूच्या बांधीत आमच्याच वर्गाची मुलं टेबल मांडून नकाशा काढत होती. त्यांनी माना वर केल्या. अम्मी म्हटलं हे माझ्या लक्षात आलं, पण राग एवढा होता की मी थांबले नाही. दोन दिवसांचं काम गेलं, आता ते आकडे भरतील, तुला एवढंही कळत नाही का, असं मी शेतातून तुझ्यापर्यंत चालत येत बोलत राहिले. तू पट्टी धरून उभी होतीस. "उन्ह लागत होतं," तू म्हणालीस. "काठीच तर धराची आहे. सावलीत धरली तं काय झालं?"

मग मी सांगितलं. धुऱ्यावर बसून, काडीनं मातीत काढून. तुझ्या पायाखालची जागा पक्की धरून मी पुढची उंची काढते, तू सरकलीस की तिथून पुढचं सगळं चुकतं. तू मातीतल्या रेघांकडे बघत होतीस. "म्हंजे मी कुठी उभी आहे त्याच्यावर तुहा समदा हिसाब आहे?"

"हो."

"मंग आधी सांगाचं ना. ज्याले कामाले लावतं त्याले काम सांगत जाय. नुसतं 'धर' म्हनते अन् मंग बोंबलते."

कोरपन्याची मुलगी वही तोंडाशी धरून हसत होती. परत येताना तिनं मला सांगितलं की तू माझी आई आहेस हे सगळ्या वर्गाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सरांनीच सांगितलं होतं, बाईंशी नीट वागा म्हणून. 'बाई, थोडं वरण वाढा' हे आपलं नाटक चाळीस जण रोज दोन वेळा गुपचूप बघत होते.

त्या संध्याकाळी मी सरांकडे जाऊन एक सकाळ मागून घेतली. दुसऱ्या दिवशी उजाडताच आपण तिघी निघालो. चुलीवर तुझ्या मैत्रिणीला बसवलं होतं. तू गावातून चुना आणला होतास, प्रत्येक जागी आधी दगड रोवून त्यावर चुन्याचा ठिपका द्यायचीस आणि त्यावर पट्टी ठेवून अशी उभी राहायचीस की एकदा तर गुरांचा कळप तुझ्या दोन्ही बाजूंनी गेला तरी हलली नाहीस. मी लांबून "झालं" म्हणून हात करेपर्यंत तू श्वासही घेत नसावीस. मधे एका जागी तू म्हणालीस, मले पाहू दे. कोरपन्याच्या मुलीनं पट्टी धरली आणि तू दुर्बिणीला डोळा लावलास. "अगं माय, उलटी लटकली ते पोट्टी." तू हसत सुटलीस. "असं उलटं दिसते तं तुमाले सीधं कसं समजते?" मी म्हटलं, सवय होते. तू पुन्हा डोळा लावलास आणि बराच वेळ काढला नाहीस.

पुलाशी आल्यावर मी आकडेमोड दोनदा केली. फरक बसला, नखाच्याही आत. मी तुला सांगितलं तेव्हा तू विचारलंस, "म्हंजे बरोबर आलं?" मी सरांसारखी म्हणाले, चूक आहे, पण चालेल एवढी आहे. "बरं," तू म्हणालीस, "भात टाकाचा आहे," आणि पट्टी खांद्यावर घेऊन झपाझप निघालीस. उंच मुलानं आकडे पाहिले आणि ते वहीत उतरवून घेतले. तो वाईट नव्हता. आता नागपूरला चांगल्या हुद्द्यावर आहे, कधीमधी फोन करतो आणि तुझ्या हातच्या झिंग्यांबद्दल बोलतो.

परतीच्या दिवशी तू बुरखा खिळ्यावरून काढायला सगळ्यात शेवटी गेलीस. गंज परत देऊन झाले होते, चूल मोडून झाली होती, सर हाका मारत होते. बसमध्ये मूल गाव येईपर्यंत तू खिडकीतून मागं बघत होतीस. मग विचारलंस, "पुढच्या वर्सी बी असते का हे?"

मी म्हटलं, नाही. पुढच्या वर्षी सगळं कॉम्प्युटरवर.

"असं," तू म्हणालीस.

घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यात तू मला परकोटाच्या दरवाजाजवळच्या दुकानात नेऊन बूट घेऊन दिलेस. मुलींचे तसले बूट त्याच्याकडे नव्हते, तू पोरांच्यातले लहानात लहान काढायला लावलेस आणि पुढे कापूस भरून दिलास. धसकटांनी माझे पाय फाटले होते ते तू तिथंच पाहिलं असणार, बोलली नव्हतीस. अब्बा म्हणाले, ये क्या फौज में जा रही? तू म्हणालीस, हां.

पदवी झाली, मला गडचिरोलीत वनहक्काच्या जमिनी मोजायचं काम मिळालं. जीपीएस घेऊन गावोगाव फिरायचं. ते बूट घालून मी तीन पावसाळे काढले. कोणत्याही गावात मोजणीला कोणी मदतीला उभं राहिलं तर आधी त्याला बसवून सांगायचं की तू कशासाठी उभा आहेस, ही सवय मला तेव्हापासून आहे. माझ्याबरोबरचे कंटाळायचे. मग तुला कावीळ झाली. आधी घरगुती औषधं, मग चंद्रपूरचा दवाखाना, मग नागपूर. मी सुटी काढून आले. तुझ्या उशाशी आठवडाभर होते. आपण औषधांचं बोललो, फुफीच्या मुलीच्या लग्नाचं बोललो, भावाला दुकानात कधी बसवायचं ते बोललो. कॅम्पाचा विषय निघाला नाही. मला वाटत होतं तू बरी होशील, त्यामुळे बोलायच्या गोष्टी मी निवडून काढल्या नाहीत. तू शुक्रवारी पहाटे गेलीस. अब्बा सहा महिने स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून परत फिरायचे.

त्यानंतर मी पुढं शिकले आणि आता त्याच विभागात शिकवते. कॅम्प आता मीच नेते. दुर्बिणीत सरळ दिसतं, ड्रोन आहे, मुली निम्म्याहून जास्त असतात. तरी दरवर्षी एखादे वडील येतातच. या वर्षी चंद्रपुरातलेच एक ऑटो चालवणारे आले. खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, पोरगी हुशार आहे, पन कॅम्पले नाई पाठवत." मी त्यांना तुझी गोष्ट सांगितली. आमच्याही घरून नाही म्हणाले होते, मग माझी आई कॅम्पाला आली होती. त्यांनी विचारलं, "काऊन? राखायले?" मी म्हटलं, नाही, स्वयंपाकाला. ते हसले, घरी विचारतो म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको आली. एकटीच. मला वाटलं, ती मुलींच्या झोपायच्या जागेचं विचारेल, दरवाजांना कड्या आहेत का ते विचारेल, मी उत्तरं तयार ठेवली होती. ते तिनं विचारलं नाही. मुलगी येणार, तिच्या बापाला मी पाहते, असं ती आधीच म्हणाली. मग पदराशी चाळा करत बसून राहिली. मी म्हटलं, अजून काही? तर म्हणाली, "तुमची आई आली होती म्हने कॅम्पले. इतके दिवस."

मी म्हटलं, हो, माझ्यासाठी आली होती.

"ते समजलं," ती म्हणाली. "पन करमलं का तिले तिथी?"

अम्मी, इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगत आले आहे, वर्गात, सत्काराला, नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा. माझी आई माझ्यासाठी कॅम्पाला आली, एवढ्यावर ती संपते आणि ऐकणारे खूश होतात. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मीही तुला विचारला नव्हता. बसमध्ये नाही, दुकानात बूट घालून बघताना नाही, दवाखान्यात नाही. ती बाई उत्तराची वाट बघत होती. मी म्हणाले, "हो. लई करमलं."

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुला मी एवढंच सांगते की ते मी तुला कधी न विचारता, माझ्या मनानं सांगितलं.